माग काढत ऐकणं: इलेक्ट्रॉनिक संगीतातले नवे कलाकार आणि अल्बम असे शोधा

गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक’ असं टाकलं की याद्यांचा नुसता पूर येतो. अभ्यासासाठी वेगळी, व्यायामासाठी वेगळी, झोपेसाठी आणखी वेगळी. एखादी लावून तीन तास ऐका आणि मग आठवून बघा, त्यातल्या किती कलाकारांची नावं डोक्यात राहिली. बहुतेक वेळा एकही नाही. संगीत वाईट असतं असं नाही, पण कलाकाराची गाठ घालून देणं हे त्या यादीचं कामच नसतं. तुम्ही अ‍ॅप बंद करू नये एवढंच ती बघते. नवा कलाकार सापडावा, त्याचा अख्खा अल्बम ऐकावा, त्याच्या आगेमागे कोण आहे ते धुंडाळावं, हे सगळं मात्र आपल्यालाच करावं लागतं.

या संगीतात ते सुरुवातीला अवघड वाटतं. गाणारा गळा बऱ्याचदा नसतो, शब्द नसतात, मुखपृष्ठावर चेहरा नसतो, आणि एकच माणूस पाच-पाच नावांनी रेकॉर्ड काढत असतो. पण या मंडळींना एक चांगली खोडही आहे: नोंदी ठेवण्याची. रेकॉर्ड कुठल्या लेबलची (म्हणजे ती प्रकाशित करणाऱ्याची), कोणत्या साली निघाली, तिचा क्रमांक काय, मास्टरिंग, म्हणजे ध्वनीवरचा शेवटचा हात, कोणी केलं, हे सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतं. म्हणून प्रकारांच्या नावांमागे धावण्यापेक्षा निवड करणाऱ्या माणसांचा माग काढावा, असं माझं मत आहे. ही माणसं तीन ठिकाणी भेटतात. काही लेबल चालवतात, काही डीजे म्हणून ट्रॅकला ट्रॅक जोडून मिक्स करतात आणि काही नुसते श्रोते असतात, पण पदरचे पैसे मोजून अल्बम घेतात.

आधी आपला कान ओळखा

तुम्हाला आधीच आवडणारा एक ट्रॅक घ्या, कुठलाही. तो तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त ताल: किक, म्हणजे ढोलासारखा जाड ठोका, प्रत्येक मात्रेवर सरळ पडतेय की तुटक, अडखळत? दुसऱ्यांदा फक्त तळाचा बेस: तो सूर धरून चालतो की नुसता थरथरतो? तिसऱ्यांदा वरचं सगळं: पॅड (मागे पसरलेले लांब स्वर), माणसांच्या आवाजाचे तुकडे, खरखर, रिकाम्या जागा. प्रत्येक वेळी एक ओळ लिहून ठेवा. या तीन ओळी ‘मला टेक्नो आवडतं’ या वाक्यापेक्षा पुढे कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

वेगही मोजा. घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. आला तो बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. हाउस साधारण १२० ते १२८, टेक्नो १२५ पासून थेट १५० पर्यंत, डबस्टेप १४०, फूटवर्क १६०, ड्रम अँड बेस १७० ते १७५, अमापियानो ११० ते ११५. अँबियंटमध्ये बऱ्याचदा ठोकाच नसतो. एक सावधगिरी: डबस्टेपचा ठेका कानाला निम्म्या वेगाचा, म्हणजे ७० चा वाटतो. आकडा विचित्र आला तर दुप्पट करून बघा.

प्रकारांची ही इतकी नावं ठाऊक असली की सुरुवातीला पुरेसं आहे. पुढची शेकडो उपनावं वाद घालणाऱ्यांसाठी सोडून द्या.

लेबल धरा

इथे लेबल म्हणजे टोलेजंग कंपनी असं डोळ्यांसमोर आणू नका. बरीच लेबलं दोन-तीन माणसं चालवतात, आणि त्यातली निदान एक तरी स्वतः संगीत करणारी असते. त्यांना जे आवडतं तेच ते काढतात. त्यामुळे एका लेबलचा एक अल्बम आवडला, तर त्याच लेबलचा दुसरा आवडण्याची शक्यता कोणत्याही यंत्राच्या शिफारशीपेक्षा जास्त असते.

उदाहरण म्हणून वॉर्प घेऊ. १९८९ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये सुरू झालेलं हे लेबल. १९९२ मध्ये त्यांनी ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ नावाचं संकलन काढलं. मुखपृष्ठावर आरामखुर्चीत रेललेला एक यंत्रमानव आणि जमिनीवर रेकॉर्डची पाकिटं, त्यात एक क्राफ्टवेर्क या जर्मन गटाचं. नाचण्यासाठी नाही, घरी बसून ऐकण्यासाठी हे संगीत आहे, असा त्याचा रोख. आता त्यातली नावं बघा. ‘द डाइस मॅन’ म्हणजे अ‍ॅफेक्स ट्विन, ‘अप!’ म्हणजे रिची हॉटिन, शिवाय ऑटेकर आणि स्पीडी जे. एका संकलनातून चार वाटा फुटल्या, आणि प्रत्येक वाटेवर पुढे वीस-तीस वर्षांचं काम पडलेलं आहे. म्हणूनच नव्या माणसाने एकेका अल्बमऐवजी लेबलच्या संकलनापासून सुरुवात करावी. लेबलवाल्यांनी आपली ओळख करून देण्यासाठी स्वतःच निवडलेला ऐवज असतो तो.

लेबल तपासायचं कसं? त्याचं पान बँडकॅम्पवर (इथे संगीत थेट विकत मिळतं) किंवा डिस्कॉग्जवर (ही रेकॉर्डची नोंदवही) उघडा आणि सालाप्रमाणे लावा. अगदी सुरुवातीची दोन प्रकाशनं, मधलं एखादं संकलन आणि गेल्या वर्षभरातली दोन, अशी पाच ऐका. पाचांत दोन भावली तर मुक्काम ठोका. एकही नाही भावलं तर पुढे चला, अपराधी वाटून घेऊ नका.

काही लेबलांचा स्वभाव सांगतो, म्हणजे कुठे शिरायचं ते ठरवता येईल.

बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टुस या दोघांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनल सुरू केलं. टेक्नोचा सरळ ठोका आणि जमैकन डबचा प्रतिध्वनी यांचं ते मिश्रण: सगळं धुक्यातून आल्यासारखं, एकच स्वरगुच्छ दहा मिनिटं हळूहळू रंग बदलत राहतो. त्यांच्याच चेन रिअ‍ॅक्शन या पुढच्या लेबलवर पोर्टर रिक्सचा ‘बायोकायनेटिक्स’ (१९९६) आणि मोनोलेकचं सुरुवातीचं काम आहे. मोनोलेकच्या मूळ दोघांपैकी गेरहार्ड बेलेस नंतर एबलटनच्या संस्थापकांत होते, म्हणजे आज असंख्य कलाकार ज्या सॉफ्टवेअरवर काम करतात त्याची मुळंही इथवर येऊन पोहोचतात.

लंडनचं हायपरडब हे कोडनाइन या डीजेचं लेबल. २००४ पासून चालू आहे. बरिअलचा ‘अनट्रू’ (२००७) इथला. नंतर याच लेबलने शिकागोच्या फूटवर्कला जागा दिली. डीजे रशादचा ‘डबल कप’ (२०१३) त्यातूनच आला. फूटवर्क मुळात नर्तकांच्या चढाओढीसाठी केलेलं संगीत, त्यामुळे ताल कायम पायात पाय घालतो. त्याचं सगळ्यात चांगलं प्रवेशद्वार मात्र प्लॅनेट म्यू या लेबलचं ‘बँग्ज अँड वर्क्स’ हे २०१० चं संकलन. तिथून जेलिनकडे जा. अमेरिकेतल्या गॅरी या पोलादनगरीत कारखान्यात नोकरी करत तिने ‘डार्क एनर्जी’ (२०१५) केला. दोन वर्षांनी आलेल्या ‘ब्लॅक ओरिगामी’त सुरावट जवळजवळ नाहीच, सगळी बोलणी तालवाद्यांची. ज्यांचा जीव लयीत अडकलेला असतो, त्यांनी आधी हाच ऐकावा.

कोलोनचं कोम्पाक्ट याच्या अगदी उलट टोकाला. त्यांची ‘पॉप अँबियंट’ संकलनमाला २००१ पासून चालत आली आहे. मऊ, संथ, ठोक्याविना. त्यातून वोल्फगांग फॉइग्टचं ‘गॅस’ नावाने केलेलं काम सापडतं, आणि ते सापडलं की बराच काळ दुसरं काही सुचत नाही.

हे झालं युरोप-अमेरिकेचं. तिथेच थांबलात तर आजच्या सगळ्यात ताज्या गोष्टी हुकतील. युगांडातल्या कंपालाचं न्येगे न्येगे टेप्स हे लेबल ऐकाच. त्यांचं ‘साउंड्स ऑफ सिसो’ (२०१७) टांझानियातल्या दार-ए-सलामच्या सिंगेली या प्रकाराचं संकलन आहे; वेग २०० बीपीएमच्या वर, पहिल्या पाच मिनिटांत हसू येतं आणि सहाव्या मिनिटाला सवय होते. लिस्बनचं प्रिन्सिपे शहराच्या उपनगरांतल्या अंगोला, केप व्हर्दे इकडच्या कुटुंबांतल्या तरुणांचं संगीत काढतं: डीजे मारफॉक्स, नीडिया. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या ग्कॉम या नाचाच्या संगीतासाठी २०१६ चं ‘ग्कॉम ओह!’ हे संकलन पुरे.

टोपणनावांच्या मागे मागे

इथे एकच माग शेवटपर्यंत काढून दाखवतो, कारण सगळी युक्ती त्यात येते.

समजा डेट्रॉइटच्या ड्रेक्सियाचा ‘नेपच्यून्स लेअर’ (१९९९) हा अल्बम तुम्हाला आवडला. पाण्याखालचं वाटावं असं यंत्रसंगीत. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर आफ्रिकन स्त्रियांच्या लेकरांनी सागरतळाशी वसवलेली संस्कृती, अशी त्यांची कल्पित कथा. ती ‘द क्वेस्ट’ या १९९७ च्या संकलनासोबतच्या मजकुरात छापलेली होती. अ‍ॅपमध्ये ड्रेक्सिया एवढंच शोधलंत तर मोजके अल्बम दिसतील आणि गोष्ट संपल्यासारखी वाटेल.

आता डिस्कॉग्ज उघडा. ही जगभरच्या रेकॉर्डची लोकांनी मिळून केलेली नोंदवही. २००० मध्ये ती सुरू झाली तेव्हा फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताचीच होती, त्यामुळे आपल्या विषयात ती अजूनही सगळ्यात खोल आहे. ड्रेक्सियाच्या पानावर सदस्य दिसतात: जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. स्टिन्सनच्या नावावर टिचकी मारा. त्याची इतर नावं ओळीने समोर येतात: द अदर पीपल प्लेस, ट्रान्सल्यूजन आणि आणखी काही. पहिल्या नावाखालचा ‘लाइफस्टाइल्स ऑफ द लॅपटॉप कॅफे’ २००१ मध्ये वॉर्पने काढला होता. ड्रेक्सियाची धार त्यात नाही. उदास, घरगुती, कुजबुजत्या आवाजाचा तो अल्बम आहे आणि कित्येकांना तो मूळ कामापेक्षाही जास्त आवडतो. मलाही. स्टिन्सन २००२ मध्ये गेला.

दुसरा, डोनाल्ड. त्याच्या नावाखाली डॉप्लरएफेक्ट आणि आर्पानेट. आर्पानेटचा ‘वायरलेस इंटरनेट’ २००२ चा. थंड, कोरडा, प्रयोगशाळेत केल्यासारखा. म्हणजे एका आवडत्या अल्बममधली ऊब कोणाची आणि थंडपणा कोणाचा, याचा अंदाज दोघांचं वेगवेगळं काम ऐकल्यावर येतो. तो अंदाज चुकीचाही असू शकतो, पण कान तयार होतो तो असाच.

अजून थांबू नका. ‘नेपच्यून्स लेअर’ काढला बर्लिनच्या ट्रेझर लेबलने. ट्रेझर आणि डेट्रॉइटची जवळीक जुनी, म्हणून तिथल्या यादीत जेफ मिल्ससारखी डेट्रॉइटची माणसं भेटतात. ड्रेक्सियाचं जुनं काम नंतर पुन्हा काढलं रॉटरडॅमच्या क्लोन या लेबलने. क्लोनची यादी चाळताना हेगच्या लेगोवेल्टशी गाठ पडते. तो तर नावांचा कारखानाच आहे, आणि त्याने बरंच संगीत स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेलं आहे. एका अल्बमपासून निघून चार-पाच टिचक्यांत तीन शहरं, आणि कुठेही शोधपेटीत प्रकाराचं नाव टाकावं लागलं नाही.

डिस्कॉग्जवर एक रकाना लोक सहसा बघत नाहीत: श्रेयनामावली. मास्टरिंग, मिश्रण, मुखपृष्ठ कोणाचं हे तिथे असतं. तेच नाव तुमच्या आवडत्या तीन अल्बमांवर दिसलं, तर त्या माणसाने केलेली बाकीची कामं चाळून बघाच.

मिक्स ऐका, हातात पेन ठेवून

चांगला डीजे तासाभरात पंधरा-वीस कलाकार ऐकवतो, तेही एकमेकांशी नातं जोडून. नवी नावं मिळवायला याहून जलद मार्ग नाही. अट एकच: मागे कुठेतरी वाजत ठेवून भागत नाही. पहिल्यांदा सलग ऐका आणि कान टवकारले गेले की मिनिट टिपून ठेवा. ‘२३:४०, घंटेसारखा आवाज, बेस अचानक गायब’ इतकं पुरतं. मग ट्रॅकयादी बघा.

सुरुवात कुठून करायची? बीबीसी रेडिओ वनचा ‘इसेन्शियल मिक्स’ १९९३ पासून दोन तासांचा आहे. दर्जा खालीवर होतो पण पसारा प्रचंड. ‘डीजे-किक्स’ ही मालिका १९९५ पासून निघते आणि घरी ऐकायला सगळ्यात सोयीची आहे, कारण यात डीजे आपली आवड मोकळेपणी मांडतात. फोर टेटचा २००६ चा मिक्स त्यातला. लंडनच्या फॅब्रिक क्लबची मालिका २००१ पासूनची. तिच्यातल्या छत्तिसाव्या भागात रिकार्डो व्हिलालोबोसने फक्त स्वतःचे ट्रॅक वापरले, म्हणजे मिक्स म्हणावा की अल्बम, हा प्रश्नच. रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संकेतस्थळाचं पॉडकास्ट २००६ पासून चालू आहे. तिथे सहसा डीजेशी थोडी बातचीतही असते, आणि त्यात तो ज्यांची नावं घेतो ती टिपून ठेवावीत.

इंटरनेट रेडिओ हा यातला माझा लाडका भाग. लंडनचा एनटीएस २०११ मध्ये सुरू झाला. तिथे प्रत्येक कार्यक्रम वेगळ्या माणसाच्या आवडीने चालतो, मागचे कार्यक्रम जपून ठेवलेले असतात आणि बहुतेकांना ट्रॅकयादीही जोडलेली असते. युक्ती अशी: स्टेशन लावून बसू नका, एक सूत्रधार धरा. एकाच माणसाचे चार जुने कार्यक्रम ओळीने ऐका. चौथ्यापर्यंत त्याची आवड तुम्हाला कळलेली असते आणि पुढे त्याने लावलेलं अनोळखी नावही तुम्ही विश्वासाने उघडता.

ट्रॅकयादी नसेल तर शझाम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून बघा, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. डीजे ट्रॅकचा वेग बदलतो, दोन ट्रॅक एकमेकांवर चढवतो आणि बऱ्याचदा अजून बाहेरच न आलेलं काहीतरी वाजवतो. यंत्राचं घोडं तिथे अडतं. दोन ट्रॅकच्या मधोमध न लावता एकच ट्रॅक मोकळा वाजत असेल तिथे लावलं तर यश जास्त येतं. ट्रॅकयादीत नावाच्या जागी नुसतं ‘आयडी’ असेल, तर ते नाव डीजेने झाकून ठेवलंय किंवा कोणाला ठाऊक नाही असं समजायचं. ‘१००१ ट्रॅकलिस्ट्स’ या संकेतस्थळावर अशा जागा लोक नंतर भरत राहतात, तेव्हा काही महिन्यांनी परत डोकवा.

ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या कपाटात डोकवा

२००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर अल्बम घेण्याआधी सहसा पूर्ण ऐकता येतो. पण तिची खरी गंमत अल्बमच्या पानावर असलेल्या छोट्या छोट्या चित्रांत आहे. ती त्या अल्बमच्या ग्राहकांची. कोणत्याही चित्रावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. खरेदी ही ‘आवडलं’ च्या खुणेपेक्षा फार जास्त बोलते.

संग्रह निवडताना थोडं पारखून घ्या. हजारो अल्बम घेणाऱ्याची आवड कळत नाही, दहाच घेणाऱ्याकडे बघायला काही नसतं. शे-दोनशे अल्बमवाला बरा. त्यात तुमच्या ओळखीचे आणि आवडीचे तीन-चार दिसले, की उरलेले अनोळखी हाच तुमच्यासाठी महिनाभराचा खुराक. काही ग्राहकांनी अल्बमखाली एक-दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या नीट लिहिणारा सापडला तर त्याला फॉलो करा. नवं काही घेतलं की तुम्हाला कळतं.

आवडलेल्या लेबलांनाही तिथेच फॉलो करा, म्हणजे नव्या प्रकाशनाची खबर थेट मेलवर येते. आणि जमेल तेव्हा विकत घ्या. डिजिटल विक्रीतला बँडकॅम्पचा हिस्सा साधारण १५ टक्के आहे, आणि बँडकॅम्प फ्रायडे या ठरावीक शुक्रवारी कंपनी तोही सोडते. छोट्या लेबलचं पुढचं प्रकाशन निघणार की नाही, हे अशाच शे-दोनशे ग्राहकांवर ठरतं.

जुन्या पठडीतली रेकॉर्ड-दुकानंही विसरू नका. बर्लिनचं हार्ड वॅक्स, मँचेस्टरचं बूमकॅट यांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक रेकॉर्डची ओळख लिहिलेली असते. हार्ड वॅक्सची जेमतेम एका ओळीची, बूमकॅटची ऐसपैस आणि कौतुकाच्या बाबतीत जरा सढळ. दोन्ही वाचत गेलं की कोणत्या विशेषणाला किती भाव द्यायचा ते कळायला लागतं.

यंत्राची शिफारस

अ‍ॅपची शिफारस टाकाऊ नाही, फक्त तिला खायला काय घालता ते बघा. प्रसिद्ध ट्रॅकपासून ‘रेडिओ’ सुरू केलात तर प्रसिद्धच ट्रॅक येतील. अल्बममधला आडबाजूचा, कमी ऐकला गेलेला ट्रॅक निवडा आणि त्यावरून सुरू करा. झोपेसाठीचं ऐकणं खासगी सत्रात करा, नाहीतर तुमची आवड म्हणजे पावसाचा आवाज असं यंत्र धरून चालेल. अनोळखी नाव आवडलं तर लगेच तपासा: लेबल आहे का, आधीची प्रकाशनं आहेत का, कोणाच्या मिक्समध्ये आलंय का? तिन्ही बाजूंनी काहीच सापडलं नाही, तर ती बहुधा याद्यांत जागा भरायला केलेली भरती असते. ट्रॅक ठेवा हवा तर, पण माग काढत बसू नका.

मागे वळा

नवं म्हणजे कालचंच असं कुठे आहे? तुमच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते नवं. मागची काही वर्षं जुन्या, विसरलेल्या रेकॉर्ड पुन्हा काढणारी लेबलं जोमात आहेत, आणि त्यांच्या याद्या म्हणजे कोणीतरी आधीच धूळ झटकून ठेवलेलं भांडार.

चरणजित सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ १९८२ चा. त्यात रोलँड कंपनीचं बेस वाजवणारं टीबी-३०३ आणि ताल वाजवणारं टीआर-८०८ ही यंत्रं आहेत. याच ३०३ च्या किंचाळण्यातून शिकागोत अ‍ॅसिड हाउस जन्मलं. फ्यूचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला १९८७ मध्ये. मुंबईच्या स्टुडिओतला अल्बम त्याच्या पाच वर्षं आधीचा. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा ऐकणारे चक्रावले. दोघांची एकमेकांना खबर नव्हती; यंत्र तेच, हात वेगळे. हे दोन्ही पाठोपाठ ऐका. त्याहूनही मागे जायचं असेल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला होता. तिथल्या १९६९ ते १९७२ च्या ध्वनिफितींचं संकलन २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ नावाने निघालं.

जपानची वाटही अशीच. हिरोशी योशिमुरा यांचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ १९८२ चा, पण जपानबाहेर त्याला श्रोते मिळाले ते फार नंतर. लाइट इन द अ‍ॅटिक या लेबलने २०१९ मध्ये ‘कांक्यो ओंगाकू’ हे त्या काळच्या जपानी अँबियंटचं संकलन काढलं. ते निवडणारा स्पेन्सर डोरन स्वतः व्हिजिबल क्लोक्स या जोडगोळीतला, आणि त्यांचा ‘रिअसेंब्लाज’ (२०१७) ऐकला की जुन्याचं नव्यात काय झालं ते दिसतं. संकलनकार कोण ते बघायचं आणि तो स्वतः संगीत करतो का ते तपासायचं: ही चाल फारच क्वचित वाया जाते.

एकाच सुरावर ठिय्या देऊन बसायची आवड असेल तर एलियान रादिग. एआरपी २५०० या सिंथेसायझरवर त्यांनी तासतासभराच्या रचना केल्या, ज्यात बदल होतो पण कधी झाला ते सांगता येत नाही. लॉरी स्पीगलचा ‘द एक्स्पांडिंग युनिव्हर्स’ (१९८०) त्यामानाने खेळकर आहे. आधी तो घ्या.

ऐकायचं कसं

फोनच्या स्पीकरवर हे संगीत पारखू नका. तळाचा बेस त्यातून येतच नाही, आणि डब टेक्नो किंवा डबस्टेपमध्ये निम्मी गोष्ट तिथेच चाललेली असते. महागडी साधनं नकोत. साधे, कानात नीट बसणारे हेडफोन चालतात.

नवा अल्बम पहिल्यांदा सलग, मधे काही न बदलता. दुसऱ्यांदा एक-दोन दिवसांनी. तिसऱ्यांदा आठवड्यानंतर, आणि मग ठरवा. पहिल्या ऐकण्यात लगेच भिडणारे अल्बम कधी कधी तिसऱ्या खेपेला पोकळ निघतात. ‘अनट्रू’चं उलट होतं. आधी ताल लंगडतोय असं वाटतं. बरिअलने तो सिक्वेन्सरच्या, म्हणजे ठोके आखून देणाऱ्या यंत्राच्या, काटेकोर चौकटीत न बसवता ध्वनिसंपादनाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये नजरेच्या अंदाजाने जुळवलाय हे कळल्यावर तो लंगडेपणाच हवाहवासा होतो. कलाकार कसा काम करतो याबद्दल एखादी मुलाखत वाचायचा फायदा इथे असतो.

काही कलाकारांच्या कामात चुकीच्या दाराने शिरलं की सगळंच डोक्यावरून जातं. ऑटेकर हे ठळक उदाहरण. २००१ च्या ‘कनफील्ड’पासून सुरुवात केलेला माणूस सहसा परत फिरकत नाही. ‘अँबर’ (१९९४), मग ‘ट्राय रेपेटे’ (१९९५), मग पुढे सालाप्रमाणे गेलं तर ‘कनफील्ड’ला पोहोचेपर्यंत कान त्यांच्याबरोबर वाढलेला असतो. अवघड समजल्या जाणाऱ्या कोणत्याही कलाकाराला हीच रीत लावा: जुन्यापासून नव्याकडे.

वेळेचं गणितही हवं. शोधण्याचा नाद ऐकण्याच्या वेळेवर हात मारतो. नावांची यादी लांबत जाते आणि ऐकलं काहीच जात नाही. महिन्याला एक लेबल, आठवड्याला दोन अल्बम आणि एक मिक्स एवढं जमलं तरी वर्षाकाठी बराच पल्ला होतो. यादी पन्नासच्या वर गेली की जुनी नावं बेलाशक खोडा. चांगलं असेल ते कुठल्या ना कुठल्या मिक्समध्ये पुन्हा समोर येतंच.

सापडलेलं सांभाळा

स्ट्रीमिंगवरचे अल्बम हक्कांच्या भानगडीत एक दिवस दिसेनासे होतात, छोट्या लेबलांचे जास्तच. विकत घेतलेलं ताबडतोब उतरवून घ्या. फ्लॅक स्वरूपात घेतलंत तर मूळ दर्जा राहतो आणि हवं तेव्हा त्यातून एमपीथ्री करता येतो. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या ड्राइव्हवर.

फायलींच्या माहितीत कलाकार, अल्बम आणि साल बहुतेक वेळा आयतं भरलेलं येतं. लेबलचं नाव मात्र सहसा नसतं. ते स्वतः भरा. एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्डसारख्या फुकट साधनांनी अल्बममागे अर्धं मिनिट लागतं. कलाकाराचं खरं नाव आणि टोपणनावंही टिप्पणीच्या रकान्यात टाका. मग फूबारसारख्या प्लेअरमध्ये संग्रह लेबलप्रमाणे लावता येतो, आणि कुठल्या लेबलचे चार अल्बम आपल्याकडे जमलेत ते दिसतं. पुढच्या महिन्यात पालथं घालायचं लेबल तेच.